काउंटरवरचा कॅमेरा

नाटकाला समीक्षक असतो, सिनेमाला असतो, गाण्याच्या मैफलीला तर असतोच असतो. हल्ली मिसळीलाही असतो आणि तो रश्श्याला पाचपैकी साडेतीन तारे देऊन मोकळा होतो. पण दिल्लीला दरवर्षी अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशा तीन हंगामांत जो भव्य प्रयोग होतो, ज्याचं तिकीट तुम्हीआम्ही करांच्या रूपाने आगाऊ काढलेलं असतं आणि जो घरबसल्या थेट दिसतो, त्याला मात्र समीक्षक नाही. राजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ते पात्रांवर लिहितात, प्रक्षेपणावर नाही. कॅमेरा कुठे ठेवला होता, त्याने काय दाखवलं, काय झाकलं, हे कोणी सांगत नाही. तेव्हा ते काम मी अंगावर घेतो आहे. पात्रता विचाराल तर वाणिज्य शाखेची पदवी, बँकेच्या काउंटरवर काढलेली वीस वर्षं आणि घरात एक टीव्ही, ज्याचा रिमोट सासरेबुवांच्या उशाखाली असतो.

सासरेबुवा ट्रेझरीतून निवृत्त झाले, पण ट्रेझरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. सकाळी अकराच्या ठोक्याला चहाचा कप घेऊन ते संसद टीव्हीसमोर बसतात, ते जणू मस्टरवर सही करायची आहे अशा चेहऱ्याने. मालिका त्यांना आवडत नाहीत. "जावईबापू," ते एकदा मला म्हणाले, "मालिकांमध्ये खोटी माणसं खरी भांडतात. इथे निदान खरी माणसं..." पुढचं वाक्य स्वयंपाकघरातून त्यांच्या मुलीने पुरं केलं, "...खोटी भांडतात!"

समीक्षेत आधी थोडा इतिहास द्यावा लागतो, नाहीतर लोक समीक्षकाला गंभीरपणे घेत नाहीत. विलायतेत हाऊस ऑफ कॉमन्समध्ये टीव्हीचा कॅमेरा शिरला २१ नोव्हेंबर १९८९ रोजी. आपल्याकडे २० डिसेंबर १९८९ रोजी राष्ट्रपतींचं अभिभाषण पहिल्यांदा थेट दाखवलं गेलं. म्हणजे साहेबाच्या मागोमाग महिन्याभरात. १९९१ च्या डिसेंबरपासून लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास मुद्रित करून दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवू लागले. आदल्या दिवशीची भाजी फोडणी देऊन वाढावी तसा. १९९२ पासून अर्थसंकल्प थेट आला. २००६ साली लोकसभेने स्वतःची वाहिनी काढली, २०११ साली राज्यसभेने काढली आणि २०२१ साली दोघींचं विलीनीकरण होऊन संसद टीव्ही झाला. विलीनीकरण म्हणजे काय हे आम्हा बँकवाल्यांना कोणी सांगायला नको. पाटी बदलते, पासबुकाचा रंग बदलतो. रांग तीच असते.

आता नेपथ्य. २०२३ च्या सप्टेंबरपासून प्रयोग नव्या इमारतीत होतो. लोकसभेला हिरवी बैठक आणि राज्यसभेला तांबडी, ही जुनी रंगसंगती तिथेही ठेवली आहे. लोकसभेच्या दालनात जागा ८८८ आणि निवडून येणारे सभासद ५४३. इतक्या दूरदृष्टीचं आरक्षण मी रेल्वेतसुद्धा पाहिलेलं नाही. अर्थात प्रयोग चालू असताना त्या ५४३ जागाही भरलेल्या दिसतात असं नाही. म्हणून एक छान युक्ती निघाली आहे. एखादा सभासद बोलायला उभा राहिला की त्याच्या पक्षाचे आठदहाजण मागच्या बाकांवर दाटीवाटीने येऊन बसतात. कॅमेऱ्याच्या चौकटीत सभागृह गच्च! लग्नाच्या व्हिडिओत वधूवरांमागे जे काका-मामा कायम दिसतात, तेच हे, फक्त इथे ते मान डोलावतात आणि बाक वाजवतात.

प्रमुख भूमिका अध्यक्षांची. या भूमिकेत मराठी माणसांनी फार नाव काढलं आहे. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. टीव्ही आला तेव्हा त्या खुर्चीवर लातूरचे शिवराज पाटील. पुढे मनोहर जोशी. आणि निवडून इंदूरहून आल्या तरी जन्माने चिपळूणच्या सुमित्रा महाजन. दंगेखोर वर्गाला "बसा, बसा" म्हणायचं काम देशाने वारंवार आपल्याकडे सोपवलं, हा आपल्या स्वभावाचा गौरव समजायचा की शिक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दिग्दर्शनाबद्दल मात्र तक्रार आहे. सभागृहात शांतपणे कंटाळवाणं भाषण चालू असतं तेव्हा कॅमेरा वक्त्यावरून हलत नाही. पण कोणी फलक घेऊन पुढच्या मोकळ्या जागेत उतरलं, घोषणा सुरू झाल्या, म्हणजे ज्या क्षणी नाटकात नाटक सुरू झालं, त्या क्षणी कॅमेरा अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जाऊन बसतो. आवाज रणांगणाचा आणि चित्र ध्यानस्थ माणसाचं! यामागे पाहणाऱ्यांनी बिघडू नये असा विचार असेल, पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये अविश्वास ठरावाच्या वेळी विरोधकांनी घड्याळ लावून तक्रार केली होती, की आमचा नेता बोलत असताना निम्म्याहून जास्त वेळ त्याचं तोंडच दिसलं नाही. सत्तेत कोण आहे यावर हे अवलंबून असतं म्हणावं, तर १८ फेब्रुवारी २०१४ रोजी सरकार दुसऱ्यांचं होतं. त्या दिवशी लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मंजूर होत असताना थेट प्रक्षेपण बंदच पडलं. एक राज्य दुभंगत होतं आणि पडदा काळा. तांत्रिक बिघाड झाला, असं सांगण्यात आलं. "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य मी काउंटरवर रोज बोलतो, त्यामुळे त्यातला अर्थ मला लगेच कळला.

दुसरी गंमत म्हणजे 'कामकाजातून वगळणे'. लोकसभेच्या नियम ३८० प्रमाणे अध्यक्षांना असंसदीय शब्द नोंदीतून काढून टाकता येतात. टीव्ही नव्हता तेव्हा हे ठीक होतं. आता देशाने तो शब्द कानांनी ऐकलेला असतो, मुलांनी तो पाठ केलेला असतो, आणि मग सरकारी नोंद सांगते, की असा शब्द कोणी उच्चारलाच नाही. आमच्या लेजरमध्ये एक आकडा खोडायचा तर खोडलेला आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही पाहिजे आणि ऑडिटरला कारण सांगता आलं पाहिजे. पण लोकशाहीचं लेजर वेगळं असतं.

असो. दोष दाखवले तसे गुणही सांगितले पाहिजेत. या सगळ्या कार्यक्रमांत निर्विवाद सर्वोत्कृष्ट म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत अकरा वाजता, राज्यसभेत २०१४ पासून बारा वाजता. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित प्रश्न छापलेले असतात. त्यांतल्या चारपाचांची तोंडी उत्तरं झाली तरी पुष्कळ. पण खरा रंग पुरवणी प्रश्नांना. मूळ प्रश्नाचं उत्तर खात्याने लिहून दिलेलं असतं, ते कोणीही वाचू शकतो. पुरवणी प्रश्न आला की मंत्री मागे बघतात, आणि अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी येते. बी. कॉम.च्या परीक्षेत आम्ही पुरवणी मागायचो, चिठ्ठी मात्र पकडली जायची. इथे दोन्ही कायदेशीर आहे. ज्या मंत्र्याला चिठ्ठी लागत नाही, त्याच्याकडे सासरेबुवा पक्ष न बघता मान डोलावतात.

अर्थसंकल्पाचा प्रयोग वर्षातून एकदा. १९९९ सालापर्यंत तो संध्याकाळी पाचला असायचा. यशवंत सिन्हांनी त्या वर्षी तो सकाळी अकराला आणला, आणि २०१७ पासून तो १ फेब्रुवारीला होतो. नाट्यरचना उत्कृष्ट. सगळा देश ज्याची वाट बघतो ते प्राप्तिकराचं कोष्टक अगदी शेवटच्या अंकात ठेवलेलं असतं, म्हणजे तोपर्यंत कोणी उठून जात नाही. २०२० साली निर्मला सीतारामन दोन तास चाळीस मिनिटं बोलल्या आणि तरी शेवटची दोन पानं वाचायची राहिली. आमच्या शाखेत त्या दिवशी ग्राहक आणि कर्मचारी एकाच मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. बँकेत इतकी समता मी पुन्हा पाहिली नाही.

संध्याकाळी त्याच अर्थसंकल्पावर खाजगी वाहिन्यांच्या चर्चा असतात. पडद्यावर आठ खिडक्या, प्रत्येक खिडकीत एक डोकं, आणि आठही डोकी एकदम बोलतात. चाळीत नळाला पाणी आलं की असं दृश्य दिसे. फरक एवढाच, की तिथे शेवटी बादली तरी भरायची. सासरेबुवा अशा वेळी पालखीवालांची आठवण काढतात. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर नानी पालखीवाला १९९४ पर्यंत दरवर्षी अर्थसंकल्पावर बोलत. हातात कागद नाही आणि समोर क्रिकेटला जमावी तशी माणसं. "अहो, आकडे ऐकायला लोक लोकल बदलून यायचे!" सासरेबुवा म्हणतात. आज लोक चॅनेल बदलतात.

पण भाषण झालं म्हणजे अर्थसंकल्प झाला असं नाही. खात्याखात्याच्या मागण्यांवर चर्चा व्हायला हवी. वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात. नाव फ्रेंच आहे, पण मान आपलीच. २३ मार्च २०२३ रोजी गदारोळात लोकसभेने सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प चर्चेविना मंजूर केला. दोन्ही बाजू आपापल्या घोषणांत दंग होत्या. माझ्या काउंटरवर ४५ हजारांचा चेक आला तरी मी सही ताडून बघतो, तारीख बघतो, चेक उलटा करून पाठही बघतो. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तरी बघतो. ते वैतागतं, पण मनातून त्याला बरं वाटतं, कारण पैसे त्याचे असतात.

इथे माझ्या समीक्षेचा मुख्य मुद्दा येतो. आमच्या शाखेत कॅमेरे आहेत. एक दारावर, दोन हॉलमध्ये आणि एक बरोबर माझ्या डोक्यावर. मी नोटा मोजताना नाक खाजवलं तर त्याची नोंद राहते. केबिनमध्ये कॅमेरा नाही. आता, मी काउंटरवर बसून जास्तीत जास्त एखादी शंभराची नोट चुकवीन. कोटीचं कर्ज मंजूर होतं ते केबिनमध्ये, दार लोटून, चहा मागवून. म्हणजे जिथे चिल्लर आहे तिथे कॅमेरा आणि जिथे रक्कम आहे तिथे पडदा.

संसदेचंही हेच झालं आहे. आपण बघतो तो काउंटर. प्रश्न खरे विचारले जातात ते समित्यांच्या खोल्यांत. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या, आज त्या २४ आहेत; शिवाय लोकलेखा समिती आहे, आणि घोटाळा मोठा असला की संयुक्त संसदीय समिती बसते. तिथे सचिव येतात, बँकांचे प्रमुख येतात, त्यांना तपशिलात धारेवर धरलं जातं. आणि तिथे कॅमेरा नाही, वार्ताहर नाही, बाहेरचं कोणीही नाही. १९९२ साली रोखे घोटाळा झाला तेव्हा मी शाळेत होतो. मागे रोखे नसलेल्या नुसत्या बँक पावत्यांच्या कागदावर बँकांनी पैसे कसे दिले, हे रामनिवास मिर्धांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने महिनोन्‌महिने विचारलं. १९९३ च्या डिसेंबरात जाडजूड अहवाल आला. पण ज्यांच्या ठेवी होत्या त्यांना ती प्रश्नोत्तरं होत असताना ऐकता आली नाहीत. अहवाल म्हणजे सामन्याचा धावफलक. चेंडू कसा वळला ते त्यात कळत नाही.

आणि हे उघड्यावर होऊच शकत नाही, असंही नाही. टीव्ही नव्हता तेव्हा मुंबईत ते झालेलं आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर्स घेतले. महामंडळ जेमतेम वर्षाचं, आणि पैसे तुमच्याआमच्या आजोबांच्या हप्त्यांचे. लोकसभेत प्रश्न निघाला, फिरोज गांधींनी तो लावून धरला, आणि सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी चौकशी उघड घेतली. गर्दी इतकी, की आत न मावलेल्या लोकांसाठी बाहेर कर्णे लावले. अर्थसचिव साक्षीला आले, शेअर बाजारातले दलाल आले, खुद्द अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी आले, आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाने त्यांची उत्तरं ऐकली. महिन्याभराच्या आत काम आटोपलं. सचिवाने केलं म्हणून मंत्र्याला जबाबदारी झटकता येत नाही, असं छागलांनी सांगितलं, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. उपग्रह नाही, वाहिनी नाही. खांबाला बांधलेला एक कर्णा.

विलायतेत कॅमेरा समितीच्या खोलीतही जातो. १० फेब्रुवारी २००९ रोजी बुडता बुडता सरकारने वाचवलेल्या दोन बड्या बँकांचे चार माजी प्रमुख तिथल्या अर्थविषयक समितीपुढे ओळीने बसले होते आणि सगळा देश बघत होता. चौघांनी माफी मागितली. मग त्यांना विचारण्यात आलं, की बँकिंगची परीक्षा तुमच्यापैकी कोणी दिली आहे? एकानेही दिलेली नव्हती! हे वाचलं तेव्हा मी कपाटातून माझं बँकिंगच्या परीक्षेचं प्रमाणपत्र काढलं, पुसलं आणि बायकोला दाखवलं. "अहो, मग तुम्ही का नाही झालात प्रमुख?" ती म्हणाली. असे प्रश्न विचारायला संसदीय समितीच लागते असं नाही.

सासरेबुवांना माझा मुद्दा मान्य नाही, आणि ते या विषयात अडाणी नाहीत. राज्याच्या लोकलेखा समितीपुढे साक्षीला जाणाऱ्या साहेबांच्या फायली त्यांनी बांधलेल्या आहेत.

"साहेबांना आठ दिवस आधी जेवण जायचं नाही," ते म्हणाले. "समितीतले आमदार कोणत्या पक्षाचे ते ओळखू यायचं नाही. सगळे मिळून सोलायचे. तिथे कॅमेरा लावा, लगेच एक साहेबांच्या बाजूने उभा राहील आणि दुसरा टेबलावर!"

"पण बाबा, साहेबांना फुटलेला घाम लोकांनी पाहिला तर बिघडलं काय?"

"लोक बघताहेत म्हटल्यावर साहेबांनी खरं सांगितलंच नसतं."

हे उत्तर खोडून काढायला सोपं नाही. बंद दाराआड माणूस पक्ष विसरतो आणि अधिकारी मोकळा बोलतो, हे खरं आहे. संरक्षणाच्या बाबी उघड्यावर बोलता येत नाहीत, हेही खरं. पण मग न्यायालय काय करतं ते बघा. २७ सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांची सुनावणी थेट दिसू लागली, आणि पहिल्याच दिवशी जी प्रकरणं दिसली त्यांत शिवसेनेचं होतं. अख्ख्या महाराष्ट्राने कान टवकारले. सिनेमातल्या कोर्टाची सवय असलेल्यांची निराशा झाली. कोणी टेबलावर मूठ आपटली नाही, 'मिलॉर्ड' म्हणून कोणी किंचाळलं नाही. वकील पानांचे आकडे सांगत होते, न्यायमूर्ती पानं उलटत होते. आमच्या शाखेतला शिपाई जेवणाच्या सुट्टीत दहाव्या परिशिष्टावर बोलायला लागला. कॅमेरा आला म्हणून कोणी नाचू लागलं नाही. उलट लोक थोडे शहाणे झाले. आणि निकाल काय द्यायचा याची सल्लामसलत न्यायमूर्तींनी आत, दार लावूनच केली. तिथे कॅमेरा असावा असं कोणीही म्हटलं नाही. ११ मे २०२३ रोजी निकाल आला तेव्हा तो कोणाला पटला, कोणाला नाही. पण प्रश्न काय होता हे मात्र दोघांनाही ठाऊक होतं.

समित्यांनीही एवढंच करावं. साक्ष उघड, मसलत बंद. निदान जिथे सार्वजनिक पैशाचा हिशेब आहे तिथे तरी. आपले साहेब प्रश्नाला कसं उत्तर देतात, हे बघण्याचा ठेवीदाराला तेवढाच हक्क आहे, जेवढा मी त्याच्या नोटा कशा मोजतो हे बघण्याचा.

तोपर्यंत समीक्षकाची शिफारस अशी: सकाळचा प्रश्नोत्तराचा तास अवश्य बघावा, अर्थसंकल्पाचा पहिला अंक झोपून आणि शेवटचा जागेपणी बघावा, आठ खिडक्यांची चर्चा नळ सोडून द्यावी तशी सोडून द्यावी. एकूण प्रयोगाला पाचपैकी अडीच तारे. उरलेले अडीच मी राखून ठेवले आहेत. समितीच्या खोलीचं दार उघडलं की लगेच देईन. कॅमेरा परवडत नसेल तर एखादा कर्णासुद्धा चालेल.